लिबरऑफिसचा यूजर फोल्डर व्हीएस कोडच्या प्लगइननं आपोआप कसा हुडकायचा?

टिळकवाडी_डेस्क

मराठी मजकुरातले शब्द तपासणारं, व्हीएस कोड या एडिटरचं छोटं प्लगइन आहे, टाइपस्क्रिप्टमधलं. मार्कडाऊन आणि जेसन फायलींतल्या मराठी ओळी हनस्पेल या स्पेलिंग तपासणीच्या यंत्रणेच्या मराठी शब्दयादीशी पडताळून बघतं आणि न सापडलेल्या शब्दाखाली रेघ मारतं. इथवर ठीक. पण आपल्याकडच्या मजकुरात यळ्ळूर, कणकुंबी, जांबोटी, नंदगड, उचगाव असले शब्द दर दोन ओळींनी येतात. बेळगाव आणि बेळगावी दोन्ही येतात. अख्खं पान रेघांनी भरतं.

वापरणाऱ्यांनी हेच शब्द लिबरऑफिस रायटरमध्ये उजवी क्लिक करून कधीच शब्दकोशात घालून ठेवलेत. ते तिथल्या यूजर फोल्डरात वर्डबुक नावाच्या फोल्डरात स्टँडर्ड डॉट डिक या फायलीत बसतात. प्लगइननं ती फाइल स्वतः हुडकून वाचावी, वापरणाऱ्याला पाथ टाइप करायला लागू नये, एवढंच पाहिजे.

सध्याचा कोड होमडिर (वापरणाऱ्याचा होम फोल्डर) घेतो आणि त्याला ॲपडेटा, रोमिंग, लिबरऑफिस, ४, यूजर, वर्डबुक असं एकापुढं एक जोडतो. एका मशीनवर चालतं, चार ठिकाणी पडतं:

विंडोज ११ वर खात्याचं नाव देवनागरीत आहे. तिथं रजिस्ट्रीतून पाथ घ्यायला रेग क्वेरी चालवली, तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली.
उबंटूवर लिबरऑफिस स्नॅप या पॅकेज पद्धतीनं बसवलेलं आहे. डॉट कॉन्फिगमध्ये काहीच नाही.
एक जण डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये, फोल्डर उघडून काम करतो. होमडिर स्लॅश होम दाखवतं, लिबरऑफिस मात्र विंडोजवर.
एकाकडं पेनड्राइव्हवरचं पोर्टेबल आहे.

सगळी डिस्क ग्लॉबनं, म्हणजे नावाच्या नमुन्यानं, चाळून स्टँडर्ड डॉट डिक शोधायची का? की दुसरी काही सरळ रीत आहे?

(फायलींची आणि व्हेरिएबलांची नावं उच्चारानं लिहिलीत, कोडात अर्थात मूळ स्पेलिंगच.)

निपाणी_नोड

डिस्क चाळू नका अण्णा. वेळ जाईल तो जाईलच, शिवाय बॅकअपमधली तीन वर्षांपूर्वीची स्टँडर्ड डॉट डिक सापडेल आणि प्लगइन तीच खरी धरून बसेल. न सापडणं परवडलं, चुकीचं सापडणं परवडत नाही. शब्द का ओळखत नाही ते मग कुणालाच कळत नाही.

मुळात प्रश्न उलटा धरलाय. "या ओएसवर फोल्डर कुठं असतो" असं विचारलं की होमडिरला शेपूट जोडायची सवय लागते. विचारायचं असं: लिबरऑफिस कुठल्या यंत्रणेत चालतंय, आणि सुरू होताना ते स्वतः आपला फोल्डर कसा ठरवतं? ते ठरवतं बूटस्ट्रॅप फायलीतून. इन्स्टॉल झालेल्या जागी प्रोग्राम फोल्डर असतो, त्यात विंडोजवर बूटस्ट्रॅप डॉट आयएनआय आणि लिनक्सवर बूटस्ट्रॅपआरसी. त्यात यूजरइन्स्टॉलेशन नावाची ओळ असते. नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये तिची किंमत सिसयूजरकॉन्फिग, स्लॅश, लिबरऑफिस, स्लॅश ४ अशी. सिसयूजरकॉन्फिग म्हणजे विंडोजवर रोमिंग ॲपडेटा, लिनक्सवर डॉट कॉन्फिग, मॅकवर लायब्ररीतला ॲप्लिकेशन सपोर्ट. त्या फोल्डरात मग यूजर.

लिनक्सवर लिबरऑफिस सगळं लहान लिपीत लिहायचं, विंडोज-मॅकवर एल आणि ओ मोठे. विंडोजवर चुकलं तरी चालून जातं, म्हणून ही चूक लिनक्सवर जाईपर्यंत दिसत नाही.

त्या ४ ला आवृत्ती समजू नका. २०१३ मध्ये ४.० आलं तेव्हा तो आकडा पडला. पुढं ५, ६, ७ झालं, २०२४ पासून २४.२ अशी वर्ष-महिन्याची पद्धत आली, फोल्डर मात्र ४ च राहिला. आवृत्ती विचारून त्यावरून पाथ बांधणारा कोड बघण्यात आलाय, तो २४ नावाचा फोल्डर हुडकत बसतो.

आता रचना. एकच पाथ परत देणारं फंक्शन लिहू नका. उमेदवारांची यादी देणारं लिहा, आणि दुसरं फंक्शन त्यांना तपासणारं. क्रम असा ठेवा: सेटिंगमध्ये वापरणाऱ्यानं स्वतः दिलेला पाथ सगळ्यात आधी, मग बूटस्ट्रॅपमधून निघालेला, मग ओएसप्रमाणे ठरलेल्या जागा, मग फ्लॅटपॅक-स्नॅपसारख्या (ही लिनक्सवरची डबाबंद पॅकेजं) वेगळ्या जागा. सेटिंगमधला पाथ चुकीचा असेल तर गुपचूप पुढच्या उमेदवारावर जायचं नाही. तिथंच थांबून "दिलेल्या पाथवर हे सापडलं नाही" असं सांगायचं. माणसानं मुद्दाम लिहिलेलं डावलून प्लगइननं आपली अक्कल चालवली की दोन तास जातात बघा.

तपासताना फोल्डर आहे एवढ्यावर विश्वास नको. लिबरऑफिस काढून टाकलं तरी यूजर फोल्डर मागं राहतो. यूजरमध्ये रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स डॉट एक्ससीयू ही फाइल आहे का ते बघा. एकदा तरी चालवलेल्या लिबरऑफिसमध्ये ती असतेच. दोन उमेदवार पास झाले तर जिची एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) ताजी ती घ्यायची, कारण लिबरऑफिस वापरात असलं की सेटिंगांची ती फाइल पुन्हापुन्हा लिहिली जाते. स्टँडर्ड डॉट डिकची एमटाइम बघू नका. सहा महिने नवा शब्द घातला नाही म्हणून ती फाइल शिळी होत नाही.

आणि फोल्डर नसेल तर तयार करायचा नाही. रिकर्सिव्ह एमकेडिर घालायचा मोह होतो. प्लगइननं वाचायचं, दुसऱ्याच्या घरात भिंती बांधायच्या नाहीत.

खानापूर_लिनक्स

वरचं सगळं बरोबर. लिनक्सवर मात्र एक्सडीजी कॉन्फिग होम नावाचं व्हेरिएबल आहे, ते विसरून चालत नाही, आणि त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवूनही चालत नाही.

नियम असा की व्हेरिएबल नसेल किंवा रिकामं असेल तर होममधला डॉट कॉन्फिग. त्यात सापेक्ष पाथ असेल तर तो ग्राह्यच नाही, सोडून द्यायचा. जावास्क्रिप्टमध्ये दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर लावला की रिकामी स्ट्रिंग तशीच पुढं जाते आणि पाथ सध्याच्या फोल्डरापासून सुरू होतो. तिथं दोन उभ्या रेघांचा ऑपरेटर लावा.

खरी गंमत पुढं आहे. ते व्हेरिएबल तुमच्या प्लगइनला मिळतं ते एडिटरचं, लिबरऑफिसचं नव्हे. व्हीएस कोड फ्लॅटपॅकमधून बसवलं असेल तर फ्लॅटपॅक एक्सडीजी कॉन्फिग होमला होममधल्या डॉट व्हार, ॲप, कॉम डॉट व्हिज्युअलस्टुडिओ डॉट कोड, कॉन्फिग इथं वळवतं. तिथं लिबरऑफिस कुठून असणार? बाहेरची मूळ किंमत होती तर ती होस्ट एक्सडीजी कॉन्फिग होम या नावानं आत दिलेली असते. म्हणून फ्लॅटपॅक आयडी हे व्हेरिएबल दिसलं की आधी होस्टवालं बघा, ते नसेल तर सरळ होममधलं डॉट कॉन्फिग. होमडिर बदलत नाही, तो खराच असतो. व्हीएस कोड स्नॅपमधून असेल तरी एक्सडीजीची काही व्हेरिएबलं बदललेली येतात, त्यामुळं व्हेरिएबलमधला आणि डॉट कॉन्फिगमधला, दोन्ही पाथ यादीत घाला. एक स्टॅट (फाइल आहे का ते बघणं) जास्त झाला म्हणून काही बिघडत नाही.

लिबरऑफिसच स्नॅपमधून असेल तर, म्हणजे तुमची उबंटूची केस: होममध्ये स्नॅप, लिबरऑफिस, करंट, डॉट कॉन्फिग, लिबरऑफिस, ४, यूजर. हा करंट म्हणजे सिमलिंक, दुसऱ्या फोल्डराकडं बोट दाखवणारा दुवा. स्नॅप अपडेट झालं की तो नव्या रिव्हिजनच्या फोल्डराकडं वळतो. रिअलपाथ काढून तो साठवून ठेवलात तर पुढच्या अपडेटनंतर प्लगइन जुन्याच रिव्हिजनची फाइल वाचत राहील आणि नवा शब्द काही केल्या येणार नाही. करंटसकट पाथ ठेवा, दर सुरुवातीला नव्यानं तपासा.

फ्लॅटपॅकवालं लिबरऑफिस: डॉट व्हार, ॲप, ऑर्ग डॉट लिबरऑफिस डॉट लिबरऑफिस, कॉन्फिग, लिबरऑफिस, ४, यूजर. इथं कॉन्फिगच्या आधी डॉट नाही, स्नॅपमध्ये आहे. या एका डॉटवर पुष्कळ जण अडकतात.

होमडिरबद्दल एक. नोडचं होमडिर लिनक्सवर होम हे व्हेरिएबल वाचतं, यूजरइन्फोमधलं होमडिर ओएसकडून येतं. एडिटर सुडोनं उघडला असेल तर दोन्ही वेगळे निघू शकतात. वेगळे निघाले तर लॉगमध्ये लिहा, सुडोखाली एडिटर चालवणं बंद करा म्हणून सांगा. त्यासाठी कोड लिहू नका.

अवांतर, पण याच वाटेवरचं: कुणाला डॉक्युमेंट्स फोल्डर पाहिजे असेल तर होमडिरला डॉक्युमेंट्स हा शब्द जोडू नका. मराठी भाषेत पहिलं लॉगिन झालेल्या मशीनवर ते फोल्डर मराठी नावानं तयार होतात. एक्सडीजी-यूजर-डिर ही कमांड खरी जागा सांगते. विंडोजवर वनड्राइव्ह डॉक्युमेंट्स आपल्या पोटात ओढून घेतं, तिथंही तोच घोटाळा.

टिळकवाडी_डेस्क

स्नॅपचं मिळालं, करंटमध्येच होतं. सुडोची केस नाही, बरं झालं.

विंडोजवर प्रोसेस डॉट एनव्हमधून ॲपडेटा घेतलं तर देवनागरी नाव नीट येईल का? की तिथंही प्रश्नचिन्हं? आणि डब्ल्यूएसएलचं कसं करायचं? आतून सीएमडी डॉट ईएक्सई चालवून इको ॲपडेटा करणारा एक तुकडा मिळालाय, पण तो बघून धीर होईना.

चिकोडी_विंडोज

नीट येईल. नोड एन्व्हायर्नमेंट युनिकोडमध्येच वाचतो. प्रश्नचिन्हं रेग क्वेरीच्या आउटपुटमुळं आली. ती कमांड कन्सोलच्या कोडपेजमध्ये, म्हणजे जुन्या अक्षरतक्त्यात, लिहिते, आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुतेक ४३७ असतं, आणि त्यात देवनागरी बसतच नाही. फ्रेंच-जर्मन नावं अशा आउटपुटमध्ये मोडकीतोडकी का होईना येतात, देवनागरीला विंडोजमध्ये सिस्टिमचं म्हणून जुनं कोडपेज कधी नव्हतंच, त्यामुळं अक्षर थेट प्रश्नचिन्ह होतं. एकदा तसं झालं की ते परत अक्षर होत नाही, डिकोडिंग कितीही बदला.

तेव्हा चाइल्ड प्रोसेस, म्हणजे रेग क्वेरी चालवणं, काढून टाका. ॲपडेटा व्हेरिएबल वाचा. ते रिकामं असेल तरच होमडिर, ॲपडेटा, रोमिंग. सी ड्राइव्ह, यूजर्स, आणि पुढं यूजरनेम असा पाथ हातानं कधीच बांधू नका. खात्याचं नाव नंतर बदललं तर फोल्डराचं नाव बदलत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यानं बसवलेल्या मशीनवर फोल्डराला ईमेलची पहिली पाच अक्षरं लागलेली असतात. ऑफिसच्या किंवा लॅबच्या नेटवर्कवर रोमिंग फोल्डर सर्व्हरकडं वळवलेला असू शकतो, तेव्हा पाथ दोन बॅकस्लॅशनं सुरू होतो. ॲपडेटा व्हेरिएबलमध्ये तोही बरोबर येतो.

बूटस्ट्रॅपमधून किंवा कमांडलाइनवरून यूजरइन्स्टॉलेशन घेतलं तर ते फाइल यूआरएल असतं, तीन स्लॅशवालं, आणि देवनागरी त्यात टक्क्यांच्या चिन्हांनी मोडून लिहिलेली असते. रिप्लेस लावून फाइल स्लॅश स्लॅश स्लॅश कापत बसू नका. नोडच्या यूआरएल मॉड्यूलमधलं फाइलयूआरएलटूपाथ वापरा, स्पेस आणि देवनागरी दोन्ही सुटतात. आणि त्या ओळीत डॉलर ओरिजिन दिसलं तर तो बूटस्ट्रॅप फाइल ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर. शेजारी शेजारी दोन आवृत्त्या बसवणारे तशी ओळ लिहितात.

प्रोग्राम फोल्डर हुडकायला बहुतेकदा सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, लिबरऑफिस, प्रोग्राम पुरतं. रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, लिबरऑफिस, यूएनओ, इन्स्टॉलपाथ इथंही तो असतो, पण त्यासाठी परत रेग क्वेरीकडं जाऊ नका, नाही तर फिरून तिथंच.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून बसवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. स्टोअरच्या पॅकेजमधला प्रोग्राम रोमिंग ॲपडेटात लिहायला गेला की विंडोज ते लिखाण त्या पॅकेजच्या खाजगी जागेत वळवतं: लोकल ॲपडेटा, पॅकेजेस, पॅकेजचं लांबलचक नाव, लोकलकॅश, रोमिंग, आणि पुढं नेहमीचं. लिबरऑफिसला वाटतं आपण रोमिंगमध्येच लिहितोय. बाहेरून बघणाऱ्या तुमच्या प्लगइनला तिथं काहीच दिसत नाही. पॅकेजेस फोल्डराची एकच पातळी वाचून नावात लिबरऑफिस आहे तेवढे उमेदवार घाला, खाली उतरू नका.

पोर्टेबलचा पाथ लिबरऑफिसपोर्टेबल, डेटा, सेटिंग्ज, यूजर. तिथं ४ नाही. ड्राइव्हचं अक्षर आज ई, उद्या एफ. डी ते झेड तपासता येतं, पण रिकाम्या कार्डरीडरवर किंवा तुटलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर एक स्टॅट काही सेकंद लटकतो. एडिटर सुरू होताना ते नको. कमांड पॅलेटमध्ये "पोर्टेबल शोधा" अशी वेगळी कमांड द्या, माणसानं स्वतः चालवली तरच ती फिरेल.

डब्ल्यूएसएलचं उत्तर सीएमडी नव्हे, पॅकेज डॉट जेसनमधली एक ओळ आहे: एक्स्टेंशनकाइंड, किंमत यूआय. आत्ता तुमचं प्लगइन डब्ल्यूएसएलच्या आतल्या होस्टमध्ये चालतंय, म्हणून प्लॅटफॉर्म लिनक्स आणि होमडिर स्लॅश होम. यूआय लिहिलं की ते विंडोजच्या बाजूला चालेल, जिथं लिबरऑफिस आहे. रिमोट एसएसएच आणि कंटेनरलाही हेच लागू. चालू कुठं आहे ते बघायला कमांड पॅलेटमधून "डेव्हलपर: शो रनिंग एक्स्टेन्शन्स".

मात्र किंमत मोजावी लागते. यूआय बाजूला गेल्यावर नोडच्या एफएसनं वर्कस्पेसमधल्या फायली वाचता येणार नाहीत, त्या डब्ल्यूएसएलच्या आत आहेत. मजकूर टेक्स्टडॉक्युमेंटमधून घ्या किंवा व्हीएस कोडच्या वर्कस्पेस डॉट एफएसमधून. तुमच्या कोडात वर्कस्पेसवर रीडफाइलसिंक कुठं कुठं आहे ते आधी बघून घ्या, तिथं तिथं फुटणार.

भालकी_वाचक

आपोआप हुडकण्यावर एवढं चाललंय, पण सेटिंगकडं कुणी बघेना. शेवटी दहातला एक जण सेटिंगवरच येणार, आणि तिथं तीन खड्डे आहेत.

पहिला, स्कोप. सेटिंग घोषित करताना स्कोप मशीन ठेवा. नाही ठेवलं तर सेटिंग्ज सिंक विंडोजचा पाथ उबंटूवर नेऊन टाकेल, आणि "दिलेला पाथ चुकीचा असेल तर थांबा" हा वरचा नियम पाळणारं तुमचं प्लगइन तिथं कायमचं थांबेल. मशीन स्कोपचा दुसरा फायदा, वर्कस्पेसच्या सेटिंग फायलीतून तो बदलता येत नाही. कुणाचं तरी रिपॉझिटरी उघडलं आणि त्यातल्या सेटिंगनं प्लगइनला भलत्याच फायली वाचायला लावलं, असं व्हायला नको.

दुसरा, व्हेरिएबलं. लोक सेटिंगमध्ये डॉलर, महिरप, यूजरहोम असं लिहितात, कारण टास्कच्या फायलीत ते चालतं. प्लगइनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये व्हीएस कोड ते उलगडून देत नाही, अक्षरशः तशीच स्ट्रिंग हातात येते. टिल्डेचंही तेच, ती शेल उलगडतं, नोड नव्हे. यूजरहोम, एनव्ह आणि टिल्डे एवढी तीन स्वतः उलगडा आणि सेटिंगच्या वर्णनात तसं लिहून टाका.

तिसरा, माणूस नेमका कुठला फोल्डर देतो. कुणी ४ देतो, कुणी यूजर, कुणी वर्डबुक, कुणी थेट डिक फाइल. चारही स्वीकारा. फाइल असेल तर तिचा फोल्डर. वर्डबुक असेल तर एक पायरी वर. ४ असेल तर आत यूजर बघा. हे दहा ओळींचं काम आहे, आणि निम्मे तक्रारीचे निरोप तिथंच थांबतात.

माणसाला खरा पाथ कुठं मिळेल हेही सांगा: लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, पाथ्स. तिथं बॅकअप्सच्या ओळीत जो पाथ दिसतो त्याच्या शेवटचा बॅकअप हा शब्द काढला की राहिला तो यूजर फोल्डर. मॅकवर हे ऑप्शन्स प्रेफरन्सेसमध्ये. मॅकची लायब्ररी फाइंडरमध्ये लपलेली असते, त्यामुळं शोओपनडायलॉग उघडून दिलात तरी माणसाला ती दिसायची नाही. डायलॉगचा डिफॉल्टयूआरआय थेट ॲप्लिकेशन सपोर्टवर ठेवा.

निपाणी_नोड

डिफॉल्टयूआरआयचं चांगलं सुचवलंत अक्का. लॉगचं एक राहिलं होतं. क्रिएटआउटपुटचॅनलला लॉग ट्रू देऊन चॅनल करा आणि प्रत्येक उमेदवाराची एक ओळ लिहा: पाथ, कुठून आला, निकाल, कारण. "सापडलं नाही" एवढंच लिहिलेला लॉग कामाचा नाही. असा पाहिजे:

उमेदवार १, सेटिंग: रिकामी, सोडली
उमेदवार २, बूटस्ट्रॅप: फाइल मिळाली, पाथ निघाला, यूजर फोल्डर नाही
उमेदवार ३, ॲपडेटा: फोल्डर आहे, रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नाही, नाकारला
उमेदवार ४, स्टोअर पॅकेज: पास, डिक फायली २

वापरणाऱ्यानं हा मजकूर चिकटवून पाठवला की पुढं विचारायला काही उरत नाही. फक्त पाथमध्ये माणसाचं नाव असतं, तेव्हा लॉगमध्ये होमडिरच्या जागी टिल्डे छापा.

टिळकवाडी_डेस्क

यूआय केलं, चाइल्ड प्रोसेस काढलं, चारही मशीनवर फोल्डर सापडला. पोर्टेबल कमांडनं.

आता वेगळंच. फाइल वाचली जाते, यळ्ळूर, नंदगड ओळखतं, पण शब्दकोशात असलेले काही शब्द तरी लाल... म्हणजे रेघेसकट राहतात. उदाहरणार्थ "कुद्रेमनीच्या" चालतं, "खानापूरच्या दुसऱ्या" मधलं "दुसऱ्या" कधी चालतं कधी नाही. "ॲकेडेमिक" टाइपचे इंग्रजी शब्द तर सगळेच अडकतात. डोळ्यांना दोन्हीकडं तंतोतंत सारखं दिसतं.

खानापूर_लिनक्स

डोळ्यांना सारखं, बाइट वेगळे. आपल्या भाषेचं जुनं दुखणं.

दुसऱ्या मधला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर तो ऱ, म्हणजे युनिकोडचं ०९३१, आणि त्यापुढं हलंत. दुसऱ्यावर साधा र, ०९३०, मग हलंत, मग न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे, २००डी. छापून सारखंच दिसतं. स्ट्रिंगचं नॉर्मलाइझ एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसारखं करणारं रूप, लावून हे सुटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन अक्षरं समतुल्य नाहीत. ॲचंही तसंच: एक कोडपॉइंट ०९७२, किंवा अ वर चंद्र, ०९०५ आणि ०९४५, कधी मधे झेडडब्ल्यूजे घालून.

म्हणून आधी एनएफसी, मग हातानं तीन बदल: र, हलंत, झेडडब्ल्यूजे याचं ऱ आणि हलंत करा, अ, चंद्र याचं ०९७२ करा, मधला झेडडब्ल्यूजे धरून, आणि शेवटी उरलेले झेडडब्ल्यूजे आणि तसंच न दिसणारं, जोड तोडणारं झेडडब्ल्यूएनजे काढा. क्रम महत्त्वाचा. आधीच झेडडब्ल्यूजे उडवलात तर दुसऱ्याचं "दुसर्या" होईल, र डोक्यावर रफार म्हणून चढेल, आणि मग सगळंच चुकलं. हेच फंक्शन तीन ठिकाणी लावायचं: डिकमधल्या शब्दाला, एडिटरमधल्या शब्दाला आणि हनस्पेलच्या यादीला. दोन ठिकाणी लावून तिसरं विसरलं की आत्ता होतंय तसंच परत होतं.

डिकच्या फॉरमॅटकडंही बघा. पहिली ओळ ओओओयूजरडिक्ट १, मग लँग, मग टाइप, मग तीन आडव्या रेघा, त्यानंतर शब्द, ओळीला एक, यूटीएफ-८ मध्ये. पहिली ओळ जुळली नाही तर फाइल सोडून द्या. लँगमध्ये नन किंवा एमआर-आयएन असेल तीच घ्या. कन्नडची केएन-आयएन वाली त्याच फोल्डरात असते, ती उगाच मराठीत मिसळायला नको. टाइप निगेटिव्ह असेल तर त्यातले शब्द चूक म्हणून नोंदवलेले असतात, ते बरोबरच्या यादीत गेले तर उलटं काम होईल.

शब्दात बरोबरचं, म्हणजे इक्वल-टूचं, एकच चिन्ह असेल तर ते शब्द तोडायची जागा दाखवतं, ते काढून टाका. दोन सलग असतील तर डावीकडचा भाग शब्द, उजवीकडचा टाकून द्या. आधी दोनवर तोडा, मग एक काढा. उलट केलंत तर दोन्ही शब्द चिकटून एक होतील.

टिळकवाडी_डेस्क

क्रमच चुकला होता, झेडडब्ल्यूजे सगळ्यात आधी काढत होतो. आता दोन्ही दुसऱ्या जुळतात.

राहता राहिलं फाइल बदलल्यावर परत वाचणं. एफएस डॉट वॉच लावलंय. सर्व्हरवर वळवलेल्या रोमिंगच्या मशीनवर ते काहीच कळवत नाही.

चिकोडी_विंडोज

नेटवर्क शेअरवर वॉचचा भरवसा नाही, ते ओएसच्या सूचनेवर चालतं आणि शेअरवरून ती सूचना येईलच असं नाही. वॉचफाइल वापरा, ते ठरावीक वेळानं स्टॅट करून बघतं. डिफॉल्ट अंतर ५००७ मिलिसेकंद, शब्दकोशाला तेवढं पुष्कळ झालं. इव्हेंट आल्यावर लगेच वाचू नका, ३०० मिलिसेकंद थांबून वाचा, नाही तर लिबरऑफिस लिहीत असताना अर्धी फाइल हातात येईल. शब्दसंख्या एकदम शून्य आली तर जुनी यादी ठेवून एकदा परत वाचा. आणि डीॲक्टिव्हेटमध्ये अनवॉचफाइल घाला, ते राहिलं की विंडो रीलोड करेपर्यंत स्टॅट चालूच राहतो.

भालकी_वाचक

एक तपासून घ्या. लिबरऑफिस बिघडलं की दुरुस्तीवाले यूजर फोल्डराचं नाव यूजर डॉट ओल्ड किंवा यूजर१ करून ठेवतात, लिबरऑफिस नवा कोरा यूजर तयार करतं. जुने शब्द ओल्डमध्येच अडकतात. प्लगइननं ओल्डमधून वाचू नये, उमेदवाराचं नाव नेमकं यूजर पाहिजे, वाइल्डकार्ड लावून यूजर-स्टार नको. पण नव्या यूजरमध्ये डिक रिकामी आणि शेजारी ओल्ड दिसला तर लॉगमध्ये एक ओळ टाका, "शेजारी जुना यूजर फोल्डर आहे, त्यातल्या वर्डबुकमधली डिक फाइल लिबरऑफिस बंद करून नव्या वर्डबुकमध्ये आणा". लिबरऑफिस चालू असताना आणली तर बंद होताना ते आपल्या आठवणीतली रिकामी यादी वर लिहून टाकू शकतं.

टिळकवाडी_डेस्क

चारातल्या एका मशीनवर नेमकं तेच निघालं. यूजर डॉट ओल्डमध्ये १,१४० शब्द, नव्यात ६. ओळ घातली.